काठावरचं नाव

माझ्या मानसीचं लग्न झालं ते साल दोन हजार सहा, मे महिन्याची चौदा तारीख, रविवार. ही तारीख मी विसरणार नाही, कारण तिला दिलेल्या प्रत्येक भांड्यावर ती मी माझ्या हातानं घातली होती. हंडा, कळशी, परात, पाच ताटं, सगळ्यांवर मुलीचं नाव, जावयाचं नाव आणि तारीख.

मी महाडच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात कामाला होतो. आधी हमाल. आमच्या गावाहून, कापड्याहून पोलादपूर, पोलादपूरहून महाड, असा रोज एसटीनं यायचो आणि पेट्या उतरवायचो. चव्वेचाळिसाव्या वर्षी आमच्या बौद्धवाडीत साक्षरतेचा वर्ग निघाला. त्यात मी अक्षरं शिकलो. पुढं दुकानातला नाव घालणारा माणूस काम सोडून गेला. मालक म्हणाले, "महिपत, मशीन धरून बघ." ते मशीन हातात धरायचं, त्याची सुई थरथरते आणि स्टीलवर अक्षर उमटतं. पहिल्या दिवशी मी एक तांब्या घेतला आणि त्याच्यावर नाव घातलं, सौ. सुंदराबाई महिपत मोरे. तो तांब्या घरी नेला.

सुंदराला वाचता येत नव्हतं. वर्गाला ये म्हटलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुमी शिका. घरात एक मास्तर बास हाय." तिनं त्या अक्षरांवरनं अंगठा फिरवला. मग विचारलं, "हे मी हाय?"

"तूच."

"लांब हाय गो मी," असं स्वतःशीच म्हणाली आणि हसली. तेव्हापासून वाडीत लग्नाला, पुण्यानुमोदनाला भांडी गेली की परत आणताना ती अंगठ्यानं आपलं नाव ओळखायची. घरातल्या एकेका वाटीवर मी नाव घातलं. ती म्हणायची, "माज्या कपाळावर घातलं नायत तेवढं नशीब."

लग्नाच्या आधी तीन महिने तिचा आवाज बसला. मशेरीची सवय तिला लहानपणापासून. महाडच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथं सांगितलं की गळ्यात गाठ आहे, ऑपरेशन करून आवाजाची नळी काढावी लागेल. काढल्यावर जीव राहील की नाही ते सांगता येत नाही, पण आवाज राहणार नाही. जूनची बारा तारीख मिळाली. डॉक्टर म्हणाले, लवकर या. ती म्हणाली, "लेकीचं लगीन हाय, ते बोलत करनार मी."

आमचा थोरला, सुशांत, मस्कतला होता. एसी दुरुस्तीच्या कंपनीत. दोन वर्षांचा करार, डिसेंबरला संपणारा. बहिणीच्या लग्नाला सुट्टी मिळाली नाही. आईच्या ऑपरेशनला तरी द्या म्हणून त्यानं अर्ज केला, तोही नामंजूर झाला. फोनवर तो बोलायच्या आधी रडायचा, मग ही पण रडायची, आणि फोन संपायचा.

तुडीलचे हसनभाई माझे जुने दोस्त. दुकानाचा माल त्यांच्या टेम्पोतून यायचा. त्यांचा मुलगा मुसैब कॉम्प्युटर शिकलेला. घरी त्यानं कॉम्प्युटर घेतला होता आणि लग्नाच्या फिल्मा करून द्यायचा. कॅमेरा त्याच्या चुलतभावाचा, इरशादचा. इरशादही मस्कतलाच होता, तेव्हा सुट्टीवर आला होता. हसनभाई म्हणाले, "मानसीच्या लग्नाचं शूटिंग माझा पोरगा करणार. तू मधी बोलायचं नाय."

मुसैब लग्नाला सकाळीच आला. मांडव, हळद, वंदना, मंगल परिणय, जेवणाच्या पंगती, सगळं घेतलं. संध्याकाळी पाचला मानसीची वाटलावणी झाली. गाडी वळणाआड गेली आणि सगळे रडून मोकळे झाले, तेव्हा मुसैब सुंदराजवळ आला.

"काकी, आता सुशांतभायला सांगा काय सांगायचं ते."

"कुठं हाय तो?"

"ह्यात," तो कॅमेऱ्यावर हात ठेवून म्हणाला. "आमच्या तुडीलला रीतच हाय. लग्नाच्या फिल्मच्या शेवटी घरची सगळी माणसं बाहेरगावच्यांना सलाम देतात. कोण कुवेतला, कोण दुबईला. शेवटी म्हातारी माणसं बोलतात. तिकडं लोक पहिली शेवटचंच बघतात."

 सुंदरा उठली, तोंड धुतलं, लुगड्याचा पदर नीट केला आणि खळ्याच्या कडेला फणसाखाली जाऊन बसली. मी मागोमाग गेलो.

"तुमी जावा," ती म्हणाली.

"मी कशाला जाऊ? नवरा हाय तुझा."

"तुमी ऐकलंत तर मला बोलता यायचं नाय. आनी हे कुनी बगायचं पन नाय. आदी माजा सुशांत बगेल."

मी घरात गेलो. खिडकीतून तिचे हात हलताना दिसत होते. बराच वेळ ती बोलली. मधेमधे खोकत होती, थांबत होती. परत आली तेव्हा तिचा घसा पार बसला होता, पण तोंडावर बरं वाटत होतं. म्हणाली, "झालं माजं. आता काय कापायचं ते कापूदेत."

दहा दिवसांनी मी तुडीलला गेलो. सावित्रीच्या अंगाला हसनभाईंचं घर. माडीवर कॉम्प्युटर, त्याला वरून कापड घातलेलं. सुंदरानं जे कुणाला दाखवू नको म्हटलं होतं ते सोडून मुसैबनं मला सगळं दाखवलं. चार तासांचं शूटिंग त्यानं कापून एका तासात आणलं होतं. पडद्यावर खाली लांब पट्ट्या होत्या, त्यातला एकेक तुकडा तो उंदरासारख्या वस्तूनं धरून इकडचा तिकडं सरकवायचा. शेवटच्या पट्टीवर आला की कानाला यंत्र लावायचा आणि पडदा माझ्याकडून वळवायचा.

"काका, एका डिस्कवर दोन तास पन बसतात," तो म्हणाला. "पन मग चित्र फुटतं. तोंडं नीट दिसत नाय. एकदम हाय क्वालिटी पाहिजे तर एकच तास. मग डिस्क पार काठापर्यंत भरते."

मला त्यातलं काय कळणार? मला पत्रा कळतो. पातळ पत्र्याचं पातेलं स्वस्त पडतं, पण वर्षात त्याला पोचे येतात. मी म्हटलं, "जाड पत्र्यात काढ बाबा. आयुष्यभर टिकलं पाहिजे."

आमिनाभाभी, मुसैबची आई, चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "टिकंल की. पन वीज टिकू दे आधी."

तसंच झालं. डिस्क जाळायला, म्हणजे तिच्यात फिल्म भरायला लावली की ती पुरी होईपर्यंत वीज लागते. त्या वर्षी भारनियमन असं होतं की दुपारी गेलेली वीज कधी येईल त्याचा नेम नव्हता. पहिली डिस्क अर्ध्यात मेली. दुसऱ्या दिवशी दुसरी मेली. मुसैब त्या दोन्ही डिस्का दोऱ्यानं परसात टांगून मोकळा झाला, चिमण्या हाकलायला. तिसऱ्या दिवशी तिसरी निघाली. चांगल्या जातीची तेवढी एकच उरली होती, मुंबईहून आणलेली.

त्यानं ती माझ्या हातात दिली. एका बाजूला कागद चिकटवला होता, त्यावर मानसी आणि जावयाचा फोटो आणि कोपऱ्यात सुंदराचा छोटा. दुसरी बाजू कोरी. इतकी लखलखीत की मला माझी दाढी दिसली. नवं ताट असतं तशी.

"दुसरी पन काढू, काका. पन रिकामी डिस्क आणावी लागंल. नायतर ह्याचीच कॉपी काढता येते, कधी पन."

"मग घाई काय?" मी म्हटलं. "दोन तर तुझ्या वाया गेल्या माझ्यापायी."

"टेपा मला पुढच्या लग्नाला वापरायला लागतील. आणि कॉम्प्युटरवरचं पन उडवायला लागंल, जागाच नाय. चालंल ना?"

मी म्हटलं, चालेल. त्याला चांगलं मन लावून केलं म्हणून पाठीवर थाप दिली.

वाडीत डीव्हीडीचं मशीन एकट्या रंगूबाईकडं होतं, तिचा जावई मुंबईहून घेऊन आला होता. सगळी वाडी तिच्या पडवीत बसली. डिस्क घातली की आधी चार छोट्या खिडक्या दिसायच्या. हळद, लग्न, जेवण आणि चौथ्या खिडकीत सुंदरा. त्या खिडक्यांतली चित्रं हलायची, पण त्यांना आवाज नव्हता, वर सनई वाजायची. चौथ्या खिडकीत सुंदराचे ओठ हलायचे आणि सनई वाजायची.

"चवथीला हात लावायचा नाय," मी सांगितलं. वाटलावणी सुरू झाली की बंद करायचं, असं ठरलं.

रंगूबाई म्हणाली, "काय गो सुंदरे, पोराला सोनं पुरलेलं सांगितलंस काय, एवडं झाकून ठेवतीस ते?"

सुंदरा बसक्या घशानं म्हणाली, "तुजी भांडनं सांगितलीत. म्हनून एवडी लांब झाली."

सगळे हसले. ती पण हसली. तो खोकल्यासारखा आवाज होता, तरी हसणं होतं.

मग डिस्क घरोघर फिरायला लागली. खालच्या वाडीत, पोलादपूरला माझ्या मेहुण्याकडं, परत वर. एके दिवशी बयाबाईच्या नातीनं पाकीट आणून दिलं, ते उघडलं तर आत मारामारीच्या सिनेमाची डिस्क.  दोन दिवस मी घरोघर हिंडलो. शेवटी एका घरात टीव्हीखाली सापडली, दुसऱ्याच पाकिटात. मुसैबनं कागदावर पेनानं सुंदराचं नाव लिहिलं होतं, ते कुणाच्या तरी ओल्या हातानं पुसून गेलं होतं.

सुंदरा मला रागानं म्हणाली, "वाटीवर नाव घालता, चमच्यावर घालता. हेच्यावर घालायचं सुचलं नाय तुमाला?"

खरंच सुचलं नव्हतं.

तेवढ्यात इरशादचा निरोप आला. कंपनीनं त्याला लवकर बोलावलं होतं, परवा दुपारी वीरहून गाडी. डिस्क त्याच्याबरोबर सुशांतला जायची होती. कॉपी काढायची राहिली होती. मुसैब मुरूडला लग्नाच्या शूटिंगला गेला होता. मी म्हटलं, असू दे, सुशांतकडं पोचली की झालं. पण मस्कतला एका खोलीत दहा-बारा माणसं राहतात, प्रत्येकाकडं अशाच गोल डिस्का. तिथं बदलली तर कोण घरोघर हिंडणार?

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मशीन लावलं. फोटोच्या बाजूवर सुई लावायला मन होईना, मानसीच्या तोंडावरून अक्षरं गेली असती. मागची बाजू कोरी होती. ताटावर आम्ही नाव नेहमी काठाला घालतो. मधे घातलं तर घासून जातं आणि अन्नाखाली येतं. मी डिस्क मांडीवरच्या फडक्यावर ठेवली आणि काठानं, गोल फिरवत, हळूहळू नाव घातलं. सौ. सुंदराबाई महिपत मोरे, कापडे. आखूड घालणं मला बरं वाटलं नाही. खाली तारीख घातली. प्लास्टिक स्टीलपेक्षा मऊ, सुई खोल गेली, पांढरा भुगा निघाला. तो मी फुंकून टाकला. इतकं सुबक अक्षर माझ्या हातून क्वचित आलं असेल.

घरी सुंदराला दाखवलं. तिनं अंगठा फिरवला. म्हणाली, "मीच हाय. जाऊदे आता."

वीर स्टेशनवर मी रिक्षानं गेलो. इरशाद त्याच्या बायकोशी, सादियाशी, बोलत होता. माझ्याकडून डिस्क आणि पेढे घेतले. म्हणाला, "काका, पेढ्यांची खात्री देत नाय. डिस्क पोचेल."

बारा जूनला ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी ती माझ्याशी पुष्कळ बोलली. घरची भाकरी मिळत नाही म्हणाली, पलीकडच्या बाईचा नवरा भेटायला येत नाही म्हणाली. माझ्यासाठी वेगळं असं काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. जुलैत घरी आणली तेव्हा गळ्याला भोक होतं, त्यात नळी. त्यातून वारा यायचा जायचा. ती तोंड उघडायची, ओठ हलवायची, आवाज नाही. मला बोलवायचं असलं की तांब्यावर बांगडी वाजवायची. एकदा वाजवली की पाणी, दोनदा की इकडं या.

सुशांत तेव्हा मस्कतपासून लांब, वाळवंटात कंपनीच्या कॅम्पवर होता. इरशादची आणि त्याची भेट जुलैच्या शेवटी झाली. मग फोन आला. सुंदरानं कान जवळ आणला, मी फोन दोघांच्या मधे धरला.

"बाबा, लग्न बघितलं," सुशांत म्हणाला. "झकास हाय. पन मानसी गाडीत बसते ना, तितं अडकतं. चवकोन चवकोन होतात. आनी आईचं उघडतच नाय. चार मशीनवर लावून बघितलं."

सुंदरा माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, "मुसैबनं डिस्क खराब दिली असंल. दोन आदीच जळलेल्या त्याच्या. मी बघतो."

फोन ठेवला. ती बांगडी वाजवत राहिली, दोनदा, परत दोनदा. मी समोरच होतो.

दुसऱ्याच दिवशी मी तुडीलला गेलो आणि हसनभाईंच्या ओट्यावर उभा राहून बोलू नये ते बोललो. "पोराला जमत नव्हतं तर घेतलं कशाला? माझी बायको मुकी झाली, हसन. ती परत बोलायची नाय. आता काय करू मी?"

हसनभाई खाली बघत होते. आमिनाभाभी दारात उभी होती, ती म्हणाली, "असं नका बोलू. पोरगा तीन दिवस जेवला नव्हता त्या डिस्कपायी."

मुसैब मात्र रागावला नाही. त्यानं विचारलं, "काका, तुमच्याकडं नीट चालत होती ना?"

"वाटलावणीपर्यंत चालायची. पुढं आम्ही लावलीच नाय."

"मी शेवटपर्यंत बघून दिली होती. सुशांतभायला सांगा, मागची बाजू उजेडात धरून बघ. काय ओरखडा हाय काय."

पुढच्या शुक्रवारी सुशांतचा फोन आला. मी विचारलं. थांबा म्हणाला आणि डिस्क उजेडात धरायला गेला.

"बाबा, ओरखडा नाय. मागं काठावर आईचं नाव कोरलंय. तुमचं अक्षर हाय."

"हो," मी म्हटलं. "हरवू नये म्हणून घातलं."

"बरं," तो म्हणाला. "बरं बाबा." आणि त्यानं फोन ठेवला.

मी परत तुडीलला गेलो. हे पाय कसे गेले ते मला सांगता येणार नाही. मुसैबला सांगितलं, मी काय केलं ते. तो खुर्चीवर बसला आणि कपाळाला हात लावला. मग त्यानं एक खराब डिस्क आणून मला दाखवलं. ही आतून बाहेर भरत जाते, मधल्या भोकापासून काठाकडं. पहिलं ते आत, शेवटचं ते काठाला. मागची चकचकीत बाजू कोरी नसते, तिच्यातूनच मशीन आतलं वाचतं. तिथं खरवडलं की संपलं.

"साध्या क्वालिटीत टाकली असती तर अर्धी डिस्क रिकामी राहिली असती," तो म्हणाला. "तुमचं नाव रिकाम्या जागेवर आलं असतं. सगळं चाललं असतं."

जाड पत्र्यात काढ, असं मीच म्हटलं होतं.

टेपेवर मुरूडचं लग्न होतं. कॉम्प्युटरवरचं उडवलं होतं. त्यानं माझ्यासमोर पुन्हा शोधून बघितलं, नव्हतं. हसनभाई म्हणाले, "दातांची पेस्ट लावून घासली की चालते म्हणतात." सुशांतनं तेही करून बघितलं होतं, असं पुढं कळलं.

"तुला आठवतं काय?" मी मुसैबला विचारलं. "ती काय बोलली?"

"काकी अकरा मिनटं बोलल्या. मी खोकला कापला, थांबल्या ते कापलं, सात मिनटं ठेवली. शब्द आठवतात, काका." तो माझ्याकडं न बघता सांगायला लागला. सुशांतला गोवर आला होता तेव्हा तिनं त्याला पाठीवर घेऊन घाट उतरला होता, ते ती बोलली होती. बाहेरगावी पाठवलं म्हणून बाबांवर रागावू नको, पाठवायला मीच लावलं, असं बोलली होती. लग्न कर, मुलगी इथली बघ, तिला शिकू दे. मी शिकले नाही ते मला आता वाईट वाटतं.

"आणि शेवटी हाक मारली," मुसैब म्हणाला.

"कसली हाक?"

"म्हणाल्या, तू नदीवर खेळायला जायचास, तेव्हा मी खळ्यातून हाक मारायची, ती तुला ऐकवते. घसा धरून मारली त्यांनी, तीनदा. मोठ्यानं. ती मला सांगता यायची नाय, काका."

ती हाक मला माहीत होती. सगळ्या वाडीला माहीत होती. 'सु' वर लांबवायची आणि मग आवाज एकदम वर न्यायचा. पोरगा कुठंही असला तरी पाण्यातून डोकं वर काढायचा.

मुसैबनं सुशांतला फोन करून ते शब्द सांगितले. सुशांत त्याला म्हणाला, "खोकला राहू द्यायचा होतास रे. खोकला पन तिचाच होता." पण खोकला राहिला असता तरी तो काठालाच गेला असता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सुंदराला सांगायचं मी आठ दिवस टाळलं. ती रोज बोट वर करून विचारायची, काय झालं डिस्कचं? शेवटी सांगितलं. डिस्क मुसैबनं खराब दिली नव्हती, मी नाव घातलं त्यानं तुझं बोलणं पुसलं. वाटलं होतं, हाताला लागेल ते फेकून मारील. तिनं फक्त बोटानं विचारलं, कुणाचं नाव?

"तुझंच," मी म्हटलं.

तिनं उशाजवळचा तांब्या घेतला. नावावरून अंगठा फिरवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तांब्या फिरवून नाव भिंतीकडं करून ठेवला.

दुपारी ती खळ्यात गेली. मी दारातून बघत होतो. तिनं नदीकडं तोंड केलं, कंबरेवर हात ठेवला, मान वर केली आणि तोंड उघडलं. गळ्यातल्या नळीतून नुसता वारा निघाला. तिनं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा खोकला आला, मी जाऊन धरली.

मी पाटी आणली. म्हटलं, मी शिकवतो, तू लिही, मी त्याला पाठवतो. दोन दिवसांत ती 'सु' काढायला शिकली, वाकडा पण वाचता येण्यासारखा. मग तिनं पाटी बाजूला सारली. हाक पाटीवर येत नाही हे तिला माझ्या आधी कळलं होतं. त्यानंतर ती माझ्यासाठी बांगडी एकदाच वाजवायची, पाण्यापुरती. दोनदा वाजवली नाही.

दिवाळीनंतर तिचं जेवण सुटलं. सुशांतनं सुट्टी मागितली, कंपनीनं करार पुरा कर म्हणून सांगितलं. फोन आला की मी तो तिच्या कानाला लावायचो. तो बोलायचा, ती ऐकायची. शेवटी तो म्हणायचा, "आई, आता ठेवतो," तेव्हा ती फोनवर नखानं टकटक करायची.

सुशांत आला तो सोळा डिसेंबरला. त्यानं बॅगेतून डिस्क काढली, मऊ रुमालात गुंडाळलेली. रंगूबाईनं मशीन आमच्या घरी आणून ठेवलं आणि काही न बोलता निघून गेली. सनई वाजली. चार खिडक्या आल्या. चौथ्या खिडकीत सुंदराचे ओठ हलत होते. सुशांतनं बटण दाबलं. मशीन आतल्या आत घरघरलं, थांबलं, परत घरघरलं. पडदा काळा राहिला. तो परत मागं आला, खिडक्यांवर. तिथंच त्यानं ते राहू दिलं. सनई संपायची आणि पहिल्यापासून सुरू व्हायची, आणि तिचे ओठ तेवढेच परत हलायचे.

"बाबा," तो म्हणाला, "तुमी मारून दाखवा. कशी मारायची ती."

मी खळ्यात गेलो. तिच्यासारखा कंबरेवर हात ठेवला. नदीकडं बघितलं. "सुशांत" एवढंच आलं, दुकानातल्या माणसाला बोलवावं तसं. तो दारात उभा होता. म्हणाला, "राहूदे बाबा. आत या."

दुकानातलं काम मी त्याच महिन्यात सोडलं. तुडीलला जाऊन हसनभाईंच्या ओट्यावर, जिथं ओरडलो होतो तिथंच, त्यांच्या आणि मुसैबच्या पाया पडायला वाकलो. मुसैबनं मला वरच्या वर धरलं. डिस्क सुंदराच्या तांब्याखाली ठेवली आहे.

सुंदराबाई महिपत मोरे, वय त्रेपन्न, सत्तावीस नोव्हेंबर दोन हजार सहा रोजी, सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता, कापड्याच्या घरी वारली. सुशांत आला तेव्हा तिला जाऊन एकोणीस दिवस झाले होते.